नववं अंडं

बुधवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी द्वारकाक्काच्या नवव्या अंड्याला बारीकसा टवका गेला, आणि त्यानंतर सुतारबोळात अकरा वाजलेच नाहीत.

सुरुवातीला हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. द्वारकाक्काच्या तर मुळीच नाही, कारण तिचा सगळा जीव त्या अंड्यात गुंतला होता. तिची तांबडी कोंबडी एकवीस दिवस टोपलीत नऊ अंड्यांवर बसली होती. आदल्या दिवशी आठ पिल्लं बाहेर आली. बुधवारी सकाळी ती आठजणं पंखाखालून निसटून टोपलीच्या काठावर चढायला लागली, तशी कोंबडी उठली, तिनं अंग झाडलं आणि त्यांना घेऊन घरामागच्या परड्यात चरायला गेली. नवव्या अंड्याकडे तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. द्वारकाक्कानं अंडं उचललं. ते गरम होतं. कानाशी धरलं तर भिंतीपलीकडून यावी तशी चिवचिव ऐकू आली. मग एक टक्. कवचाचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा उचलला गेला आणि खालचा पांढरा पापुद्रा दिसला.

तिनं एका पितळी वाडग्यात जुन्या लुगड्याचं फडकं घातलं, त्यावर अंडं ठेवलं आणि वाडगा शेगडीजवळ उबेला ठेवला. शेगडीवर चहाचं आधण होतं. पातेल्याच्या तळाशी बुडबुडे जमले होते. आता उकळी येणार, म्हणून द्वारकाक्का साखरेचा डबा हातात घेऊन उभी राहिली. उकळी आली नाही. गॅस पेटलेला होता, बुडबुडे तळाला चिकटून होते, आणि तेवढंच. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सेकंदाचा काटा पुढं जायला उचलला जात होता आणि परत जागेवर येत होता.

"सेल गेला असंल," ती स्वतःशी म्हणाली.

द्वारकाक्का एकसष्ट वर्षांची होती. बोळाच्या तोंडाशी तिची पिठाची गिरण होती. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. दळण घेऊन येणाऱ्या बाया तिच्याशी बोलत बसत आणि उठताना काहीतरी विचारून जात. पोरीला कुठल्या शाळेत घालू, सासऱ्याला कुठल्या डॉक्टरकडं नेऊ. ती काय सांगते यापेक्षा ती न चाचरता सांगते, याचं त्यांना बरं वाटायचं.

समोरच्या घरातून हौसाबाई आली. तिचे हात कोपरापर्यंत ओले होते.

"अक्का, तुमच्याकडं काय वाजतंय?"

"कुठं काय?"

"टक् टक् वाजतंय. तुमच्याकडं वाजलं की आमच्या स्नेहलला कळ येती. वाजायचं थांबलं की कळ थांबती."

हौसाबाईची सून स्नेहल पहाटेपासून अडली होती. दवाखान्याची गाडी बोलावली होती. ती बोळाच्या तोंडाशी येऊन बंद पडली होती. ड्रायव्हर किल्ली फिरवत होता, इंजिन घरघरत होतं आणि चालू व्हायच्या बेतात राहत होतं. स्नेहलला चालवत न्यायची सोय नव्हती. बाळाचं डोकं दिसत होतं. ते पुढं येत नव्हतं आणि मागंही जात नव्हतं.

द्वारकाक्कानं वाडगा पुढं केला. दोघी वाकून बघत राहिल्या. अंडं किंचित डुललं. टक्. समोरच्या घरातून स्नेहल ओरडली.

"फोडा की मग," हौसाबाई म्हणाली.

द्वारकाक्का काही बोलायच्या आत शेजारच्या भिंतीवर थापा पडल्या आणि पाठोपाठ केराबाई दारात उभी राहिली. तिचे केस विंचरलेले नव्हते. तिचा नवरा दत्तोबा अण्णा तीन दिवसांपासून अखेरच्या घटका मोजत होता. डॉक्टरांनी हात टेकले होते.

"तुझ्याकडं पिल्लू चिवचिवलं की त्यांचा श्वास आत जातोय," केराबाई म्हणाली. "मग छाती वर जाती ती वरच राहती. खाली येत न्हाई. मी हात ठेवून बघितलं."

"बरं."

"खाली आली तर तो शेवटचाच हाय. फोडू नकोस, द्वारके."

द्वारकाक्का एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिली. यात न चाचरता सांगण्यासारखं काही नव्हतं. उघड्या दारातून बोळ दिसत होता. कोपऱ्यावरच्या नळाच्या तोटीला थेंब लोंबत होता, पडत नव्हता. कुणाचं तरी मांजर कठड्यावरून उडी मारून अधांतरी होतं, पुढचे पाय समोरच्या भिंतीपासून वीतभर लांब. माणसं हिंडत-फिरत होती, बोलत होती. पण बोळात सुरू झालेलं काहीच पुरं होत नव्हतं.

"मी कडोलकरांना विचारून येते," द्वारकाक्का म्हणाली. "तोवर कुणी हात लावू नका."

कडोलकर जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर होते. दवाखाना तिच्या गिरणीला लागूनच होता. घरापासून गिरणीपर्यंत नव्वद पावलं. तीस वर्षं ती रोज चालत होती, पावलं मोजायची तिला गरज नव्हती, तरी पाय आपले आपण मोजायचे. आज बासष्टाव्या पावलाला ती दवाखान्याच्या पायरीवर होती.

कडोलकरांना घेऊन परत येताना अडतीस भरली.

"आज लवकर पोचलो," कडोलकर म्हणाले. ते उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी चष्मा पुसला, वाडग्यावर वाकले आणि अंड्याला हात न लावता सगळीकडून पाहिलं. टवक्यातून आता चोचीचं टोक दिसत होतं. त्या टोकावरचा पांढरा दाणा, ज्यानं पिल्लं कवच फोडतात, तोही दिसत होता.

"टवका जाऊन किती वेळ झाला?"

"दहा वाजून दहाला गेला."

कडोलकरांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "म्हणजे आत्ताच."

"आत्ताच न्हाई. तेव्हापासून हौसाबाईनं तीन घागरी पाणी तापायला ठेवलंय."

"तापलं?"

"न्हाई."

कडोलकर सरळ उभे राहिले. "एक पूर्ण दिवस हात लावायचा नाही," ते म्हणाले. "आतल्या पापुद्र्यात अजून रक्त फिरत असतं. उरलेला बलक पिल्लाला पोटात ओढून घ्यायचा असतो. त्याआधी सोललंत तर रक्त जाऊन मरतं."

"आणि पूर्ण दिवस झालाच न्हाई तर?"

"मग पापुद्रा वाळतो. अंगाला चिकटतो. पिल्लू आत गुदमरतं."

"मग हात लावायचा कधी?"

"बरोबर वेळेला," कडोलकर म्हणाले. "मी लिहून देतो."

ते परड्याच्या दारात उजेडाला जाऊन उभे राहिले, खिशातून कागद काढला आणि लिहिलं. लिहिलेलं सगळं त्यांनी आत्ता सांगितलं होतं तेच होतं. मग ते सही करायला लागले. सहीखालचा फराटा काही संपेना. पेन कागदावर उजवीकडे जात राहिलं. कडोलकर मान खाली घालून तिथंच उभे राहिले.

द्वारकाक्का वाडग्याजवळ पाटावर बसली. हौसाबाई दारात आणि केराबाई भिंतीपाशी. टक्. स्नेहल ओरडली. चिवचिव झाली. भिंतीपलीकडे अण्णांनी श्वास आत घेतला, तो लांब दोरी ओढल्यासारखा ऐकू आला.

"अक्का, तुम्ही काय ते सांगा," हौसाबाई म्हणाली. "तुम्ही कधी अशा गप्प बसत न्हाई."

द्वारकाक्कानं हात पदराला पुसले. मागच्याच वर्षी असंच एक पिल्लू राहिलं होतं. तिला त्याची तडफड बघवली नव्हती. दहा मिनिटांत तिनं नखानं सगळं कवच काढून टाकलं होतं, आणि पिल्लू तिच्या तळहातावर ओलंचिंब, गुलाबी, पोटाला पिवळ्या पिशवीसकट पडलं होतं. अंगठ्याला रक्त लागलं होतं. पिल्लू अर्धा तास जगलं. ते तिनं कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरलं आणि कुणाला सांगितलं नाही. तेव्हापासून तिला स्वतःच्या अंगठ्याचा भरवसा वाटत नव्हता.

"थोडं थांबू या," ती म्हणाली.

हे शब्द तोंडातून बाहेर पडले आणि खोली आखडली. तिला ते पाठीत जाणवलं. मागची भिंत पाटाला येऊन टेकली होती.

ती उठून दारापाशी गेली. तिच्या उंबऱ्यापुढं बोळ उरला नव्हता. तिच्या उंबऱ्याला हौसाबाईचा उंबरा चिकटला होता. पलीकडे हौसाबाईची खोली होती, आणि खाटेवर स्नेहल केस मोकळे सोडून, दोन्ही हातांनी खाटेचा दांडा धरून पडली होती. द्वारकाक्का पुन्हा आत वळली तेव्हा खाट तिच्या मागोमाग आत आली होती. हौसाबाईनं सुनेच्या अंगावर चादर सारखी केली, जणू खाट पहिल्यापासून तिथंच होती.

"कुणी ढकलली?" द्वारकाक्कानं विचारलं.

"कुणी न्हाई. जागाच न्हाई तिकडं."

केराबाईची भिंत पातळ होत चालली होती. आधी पलीकडच्या खिडकीचा उजेड तिच्यातून दिसायला लागला, मग अण्णांची सावली, मग खाटेचे पाय. मग भिंत नव्हतीच. अण्णा उताणे पडले होते. त्यांची छाती फुगलेली होती आणि तोंड उघडं होतं. ते तोंड श्वासासाठी उघडलेलं नव्हतं. ओठांचा आकार काहीतरी बोलायला लागलेल्या माणसासारखा होता.

"काय म्हणत होते?" द्वारकाक्कानं विचारलं.

केराबाईनं नवऱ्याच्या पायांवरचं पांघरूण ओढून घेतलं.

"आमच्या सुनंदानं आपल्या मनानं लगीन केलं, तवापासून ह्यांनी तिचं नाव घेतलं न्हाई. मलाही घेऊ दिलं न्हाई. बारा वर्षं झाली," केराबाई म्हणाली. "मी ह्या बारा वर्षांत दर महिन्याला तिच्याकडं जात होते. देवाला जाते म्हणून सांगायची. तिच्या दोन पोरांची बाळंतपणं मी केली. आज सकाळी ह्यांच्या कानात सगळं सांगितलं. म्हटलं, असं जाऊ नका, काहीतरी बोला. ह्यांनी डोळं उघडलं. तोंड उघडलं." तिनं वाडग्याकडे पाहिलं. "आणि तुझ्या अंड्याला टवका गेला."

"म्हणजे उत्तर ओठावर हाय."

"हाय."

"मग तुला ऐकायचं न्हाई?"

"काय येईल कुणाला ठाऊक, द्वारके," केराबाई म्हणाली. "आत्ता त्यांचा हात गरम हाय आणि ते मला काही बोलले न्हाईत. असंच राहिलं तर मी राहीन."

"आणि माझी सून?" हौसाबाई म्हणाली. "ती कशी राहील अशी?"

खोली आता एवढी झाली होती की दोन खाटांच्या मधे द्वारकाक्काचा पाट आणि त्यासमोर वाडगा, एवढीच जागा होती. शेगडीची आच तिच्या डाव्या कानाला लागत होती. हौसाबाई सुनेच्या उशाशी आक्रसून बसली होती. परड्याच्या दारात कडोलकर सही करत होते. परडं त्यांच्या पाठीला चिकटल्यासारखं दिसत होतं. तेवढ्या दारातून उन्हाची एक पट्टी आत येत होती आणि वाडग्यापासून बोटभर अंतरावर थांबली होती.

टक्.

या वेळी आवाज बारीक होता. स्नेहल ओरडली नाही, कण्हली. कळ ओसरली तशी तिनं मान वळवली आणि तिचे डोळे द्वारकाक्काच्या तोंडासमोर आले.

"अक्का, तुम्हाला कधी झालं होतं का हे?"

हौसाबाई झटकन म्हणाली, "गप पड. बोलू नकोस. ताकद ठेव."

"झालं होतं," द्वारकाक्का म्हणाली.

"मग तेव्हा काय केलं?"

द्वारकाक्का अंड्याकडे बघत बोलली. "दोन दिवस कळा येत होत्या. सुईण म्हणाली, मोठ्या दवाखान्यात न्या. सासूबाई म्हणाल्या, पोरीलाच विचारा. बावीस वर्षांची होते मी. मला कुणी काही विचारायचं न्हाई घरात. तेवढं विचारलं."

"तुम्ही काय सांगितलं?"

"थोडं थांबू या म्हटलं."

स्नेहल तिच्याकडे बघत राहिली. हौसाबाईनं तोंड फिरवलं. बोळातल्या सगळ्या बायांना द्वारकाक्काला मूल नाही हे माहीत होतं. एकदा होतं, नऊ महिने होतं, हे कुणाला माहीत नव्हतं. केराबाईनं अण्णांच्या खाटेवरून हात लांब केला आणि द्वारकाक्काच्या खांद्यावर ठेवला. जागा इतकी कमी होती की हात पुरता लांब करावाही लागला नाही.

द्वारकाक्का आकडे मोजायला लागली. वेळ कळायचा दुसरा मार्ग नव्हता. दोन टकटकींच्या मधे ती चाळीसपर्यंत पोचली. पुढच्या वेळी शंभरपर्यंत. त्यानंतर एकशे नव्वद. चिवचिव आता मधेच तुटत होती. टवक्याच्या कडेचा पापुद्रा मघाशी ओला आणि चकचकीत होता, तो कागदासारखा कोरडा, पिवळसर झाला होता. चोच एकदा उघडली, मिटली. कवचाला ती लागलीच नाही.

दोनशे ऐंशी. तीनशे. तीनशे चाळीस.

"अक्का," हौसाबाई चादरीखाली पाहून म्हणाली. "बाळाचं डोकं निळं पडाय लागलंय."

"ह्यांचे ओठसुद्धा," केराबाई म्हणाली.

बाकीचं सगळं थांबलं होतं, पण निळं पडायचं थांबलं नव्हतं. द्वारकाक्काला हे मघापासून ठाऊक होतं आणि तिनं ते स्वतःला सांगितलं नव्हतं. पिल्लू थकत चाललं होतं. ते आतल्या आत गेलं तर अण्णांची छाती वरच राहणार होती आणि बाळ तिथंच राहणार होतं आणि ह्या बायका, ही खोली, सगळं असंच आणखी लहान होत जाणार होतं.

तिनं केराबाईकडे पाहिलं. केराबाई अण्णांच्या उघड्या तोंडाकडे बघत होती.

"केरा, मी हात लावते," द्वारकाक्का म्हणाली.

केराबाईनं हो म्हटलं नाही. ती अण्णांच्या उशाशी सरकली आणि त्यांच्या ओठांना कान लावून बसली.

खाटेमागोमाग हौसाबाईची घागरही आत आली होती, तिच्यातल्या कोमट पाण्यात द्वारकाक्कानं बोट बुडवलं. ते पाणी तापणार होतं, तापलेलं नव्हतं, पण कोमट होतं. ओलं बोट तिनं कोरड्या पापुद्र्यावर हळूच फिरवलं. पापुद्रा मऊ पडला आणि पाण्याखाली पारदर्शक झाला. एका बाजूला तो नुसता पांढरा होता. दुसऱ्या बाजूला, पिल्लाच्या पाठीकडे, केसासारखी एक लाल शीर होती. ती अजून भरलेली होती.

पांढऱ्या बाजूनंच जायचं, तिनं ठरवलं. कवचाच्या कडेला तिनं नख लावलं. मसुरीच्या डाळीएवढा तुकडा निघाला.

घड्याळ म्हणालं, टिक्.

सगळ्यांनी वर पाहिलं. दहा वाजून अकरा मिनिटं. पातेल्याच्या तळातला एक बुडबुडा सुटून वर आला आणि फुटला.

"सोला, अक्का," हौसाबाई म्हणाली. "सोला, सोला."

तिनं दुसरा तुकडा काढला. स्नेहल मोठ्यानं ओरडली, आणि हौसाबाई चादरीखाली दोन्ही हात घालून म्हणाली, "आलं, थोडं आलं!" तिसरा तुकडा. दहा वाजून तेरा. चहाला उकळी आली, चहा उतू गेला, गॅस विझला, आणि कुणी उठून शेगडीची कळ फिरवली नाही. हौसाबाईनं बसल्या जागेवरून कोपरानं ती बंद केली. चौथा तुकडा. अण्णांच्या छातीतून हवा सुटायला लागली. ती ओठांपर्यंत आली आणि तिचा आवाज झाला.

"स..." अण्णा म्हणाले.

केराबाईनं डोळे घट्ट मिटून घेतले.

पाचवा तुकडा इतरांपेक्षा मोठा होता. द्वारकाक्कानं तो उचलला, आणि तिला वाटलं होतं त्यापेक्षा पापुद्रा त्याला जास्त चिकटलेला होता. तो पाठीकडून ओढला गेला. लाल शीर ताणली गेली आणि तुटली.

आवाज झाला नाही. रक्ताचा एक थेंब आला, जोंधळ्याएवढा, आणि त्यामागून दुसरा.

खोली एकदम आवळली. दोन्ही खाटांचे दांडे द्वारकाक्काच्या बरगड्यांना लागले. स्नेहलचं ओरडणं अर्ध्यावर तुटलं. घड्याळाचा काटा उचलला गेला आणि परत आला. अण्णांचं तोंड त्या एका अक्षरावर थांबलं.

"काय झालं?" केराबाईनं डोळे न उघडता विचारलं.

"रक्त आलं."

"थांबव."

द्वारकाक्कानं अंगठा शिरेच्या तोंडावर दाबून धरला. तिला दुसरं काही सुचलं नाही. अंगठ्याखाली पिल्लाचं काळीज धडधडत होतं, इतकं जोरात की तिच्या नखाला हादरे बसत होते. ती हळू दाबत होती, फार नाही, थोडंसं. धडधड मंद झाली. अजून मंद झाली. ती मनात मोजायला लागली आणि सातच्या पुढं आकडा आला नाही.

मग अंगठ्याला बारीकशी टोच लागली. सुई टोचावी तशी. तिनं अंगठा काढू पाहिला. तो निघाला नाही. शिरेचं तुटकं तोंड तिच्या नखाशेजारच्या कातड्यात शिरलं होतं आणि तिथं त्यानं घट्ट धरलं होतं. शीर आधी फिकी होती. आता ती अंगठ्याकडून पिल्लाकडे लाल होत गेली.

धडधड परत आली.

टिक्, घड्याळ म्हणालं. दहा वाजून चौदा.

"आता?" हौसाबाईनं विचारलं.

"आता हलू नका कुणी," द्वारकाक्का म्हणाली. "ते पितंय."

पिल्लानं मान वर काढली. मान ओली आणि कवचाच्या मानानं फार लांब होती. त्यानं एक डोळा उघडला, काळा, आणि तिच्याकडे पाहिलं. तिला भीती वाटली आणि तरीही हात काढून घ्यावासा वाटला नाही. पिल्लाच्या पोटाखाली पिवळी पिशवी दिसत होती. ती सावकाश आत ओढली जात होती. कवचाचा खालचा अर्धा भाग अजून त्याच्या अंगाला होता. दहा वाजून पंधरा. सोळा. उन्हाची पट्टी सरकली आणि वाडग्याच्या काठावर चढली. स्नेहलची कळ पुन्हा सुरू झाली, या वेळी न थांबता, लांब, खालून वर येणारी. अण्णांचं अक्षर पुढं सरकायला लागलं. त्याला उकार फुटणार होता का दुसरं काही, हे ऐकायला केराबाई त्यांच्या तोंडावर ओणवी झाली होती.

द्वारकाक्काला बोटं गार पडल्यासारखी वाटत होती. मग तळहात. दुखत नव्हतं.

"द्वारके," केराबाई मान न उचलता म्हणाली, "अजून किती लागंल त्याला?"

"बघते."

तिनं हात वाडग्यासकट उचलून उन्हाच्या पट्टीत धरला. मनगटापर्यंत हात अंड्याच्या कवचासारखा पांढरा आणि गुळगुळीत झाला होता, आणि ऊन त्याच्यातून आरपार येत होतं. आत हाड दिसत नव्हतं. बारीक लाल शिरांचं जाळं होतं, आणि त्या जाळ्याच्या मधोमध, तळहाताच्या खळग्यात, उजेडाला धरलेल्या अंड्यात जीव दिसतो तसा एक काळा ठिपका होता. तो हलत होता.